वीसच्या ओळीतलं सतरावं

आई अबोलीची वाळलेली कणसं कळशीत टाकते,
वर पाण्याचा एकच हबका,
आणि घाईनं जुन्या साडीचा तुकडा बांधते तोंडावर.
आतून तडतड सुरू होते,
फोडणीत मोहरी पडावी तशी.
बोंडं उकलतात, बिया कळशीच्या पोटावर आदळतात.
या झाडाला एवढंच बोलता येतं.

तीन दिवस सावलीत वाळवून
जेवणाच्या ताटात बिया मोजल्या मी. चारशे.
ऐंशी-ऐंशीच्या पाच पुड्या, बटर पेपरच्या,
वर पेन्सिलीनं शून्य, दहा, वीस, तीस, चाळीस.
आकडे कशाचे, आईनं विचारलं नाही.
फोंड्याच्या बाजारात तिला फातींचे आकडे पुरतात.

मडगावहून रात्रीची गाडी, डबा मांडीवर.
तिथं पुड्या एका नळकांड्यातून खाली उतरल्या,
शिशाच्या पोटात, कोबाल्टच्या शेजारी.
आवाज नाही, ऊब नाही.
कुरियाकोस घड्याळाकडे बघत म्हणाला, झालं.
कागद तेवढाच पांढरा, पेन्सिल तशीच.
शून्याची पुडी मात्र माझ्या खिशात होती.
तिनं सगळा प्रवास केला,
तोच उकाडा, तेच धक्के,
फक्त त्या दारातून आत गेली नाही.

काय केलंस त्यांना?
उजेड दाखवला.
कसला?
दिसत नाही असला.
आई आदोळीवर नारळ खवत राहिली.
वाटी भरल्यावर म्हणाली,
मग त्याला सांगायचं होतंस, जरा वास दे म्हणून.
पन्नास वर्षं ओवतेय,
हाताला कधी वास आला नाही.

विहिरीमागे चिरे लावून वाफे केले,
आइस्क्रीमच्या काड्यांवर आकडे.
शून्य उगवलं कायतानच्या पोरांसारखं, दंगा करत.
दहा थोडं मागून.
तीसमध्ये पानं आखडलेली,
एकाचं पान अर्धं हिरवं, अर्धं दुधाळ,
जणू दोन झाडांनी एक देठ भाड्यानं घेतलाय.
चाळीसच्या ओळीत माती.
झारी मी रोज तिथंही रिकामी केली.
एका संध्याकाळी दिसलं,
त्या मातीत कुणी उदबत्ती खोवलीय.
डासांसाठी, आई म्हणाली.

पहिल्या पिढीवर विश्वास ठेवू नये,
जे बदललंय ते दुसरीत वर येतं,
असं माझ्या वहीत लिहिलंय.
आईला वाचून दाखवलं तर हसली.
हे तुला वहीतून कळलं?

पुढल्या वर्षी, वीसच्या ओळीत, सतरावं झाड.
त्याला एक कणीस, त्यावर पहिलं फूल.
रंग कैरीच्या आतल्या फोडीचा,
पाकळीची कड कात्रीनं चुकून कापल्यासारखी.
रंगांचा तक्ता धरून बघितला शेजारी,
एकाही चौकटीत ते बसेना.
आई आली, कंबरेवर हात ठेवून वाकली,
खोलवर वास घेतला.
नाही, म्हणाली.
आणि मी ओरडेपर्यंत खुडलंसुद्धा.

ते ओवलं तिनं फातीच्या मधोमध,
दोन्हीकडे आपली नेहमीची अबोली.
नागेशीच्या देवळासमोर वीस रुपयांना गेली ती फाती,
कुणा पाहुणीच्या केसांत, पणजीच्या बसमध्ये.
वहीतल्या त्या तारखेपुढे
मी 'नमुना उपलब्ध नाही' असं लिहिलं.
बाकीच्या कळ्या त्या कणसावर उमलल्या,
त्यांच्याजवळ मी आठवडाभर स्टूल टाकून बसायचे.
बोंडं धरली थोडी, बारकी, वाकडी.

आज ते कणीस वाळलं.
कळशीत टाकलं, पाण्याचा हबका दिला,
साडीचा तुकडा बांधून कान लावला.
काही नाही.
गार पितळ, आत माझ्याच कानाची घुमघुम.
पोदेर भोंगा वाजवत गेला, परत आला.
काही नाही.

मग एक टक्.
एकच.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
दार वाजलं बघ,
कोण आलंय?